सहप्रवाशाचें ऋण

जुन्या काळीं समुद्र हा मोठा वैद्य होता, असें म्हटल्यास वाचकांस तें चमत्कारिक वाटेल. परंतु मुंबईहून विलायतेस जावयास आगबोटीला जेव्हां तीन तीन आठवडे लागत, तेव्हां ज्याच्या अंगांत रोगाचें बीज शिरलेलें असे, त्याच्या ठिकाणीं तें बहुधा बोटीवरच अंकुर धरी. बंदर दिसूं लागेपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असे, नाहीं तर त्याचा देह सागरास अर्पण झालेला असे. आणि तो मधल्याच अवस्थेंत असला, तर बोटीवर पिवळें निशाण चढे व बंदरास वर्दी मिळे. आड्रियाटिक समुद्राच्या कांठच्या रगूसा शहरानें १३७७ सालीं रोगट मुलखांतून येणारांस तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा कायदा केला. पुढें व्हेनिसादि बंदरांनीं तिसांचे चाळीस दिवस केले, आणि त्या चाळीस आंकड्याच्या इटालियन नांवावरूनच ‘क्वारंटीन’ हा शब्द निघाला. हा समुद्रवैद्य अचूक होता असें मात्र नव्हे. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई तापानें आजारी पडले, आणि तो जो इन्फ्लुएंझा गोदींतून शहरांत व शहरांतून आगगाडीनें खेडोपाडीं गेला, त्यानें आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. तरी पण समुद्र कांहीं वेळ तरी देत असे.

विमानानें हा वैद्य मधून काढूनच टाकिला. आज मुंबईहून लंडनास जावयास नऊ-दहा तास पुरतात. इन्फ्लुएंझाची लागण झाल्यावर ताप येण्यास एक ते चार दिवस लागतात, पीतज्वरास तीन ते सहा, आणि २०१९ च्या अखेरीस चीन देशांत प्रथम दिसलेल्या कोविडास तर क्वचित् चौदा दिवस लागत. म्हणजे मनुष्य धडधाकट दिसत असतांना विमानांत बसतो, धडधाकट दिसत असतांनाच उतरतो, घरीं जाऊन नातवंडांस पोटाशीं धरतो, आणलेला खाऊ वांटतो, आणि मग अंथरूण धरतो. रोगाच्या हिशेबानें पृथ्वीवरचीं सगळीं मोठीं शहरें आतां एकाच आळींत राहतात.

शहाण्या लोकांच्या ध्यानांत हा धोका लवकरच आला होता. विमानांचा धंदा अजून रांगत होता, तोंच १९३३ सालीं हेग येथें केवळ हवाई प्रवासापुरता एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आरोग्यकरार झाला. त्या वेळीं मुख्य धास्ती पीतज्वराची होती. हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतला. तो पसरविणारा डास आमच्या घरोघरच्या पिंपांत, कुंड्यांत व गच्चीवरच्या टाक्यांत सुखानें नांदतो. रोग मात्र आमच्या देशांत अद्याप रुजलेला नाहीं. दारूचें कोठार भरलेलें आहे, ठिणगी तेवढी पडलेली नाहीं. म्हणून त्या मुलखांतून येणाऱ्या उतारूजवळ लस टोंचून घेतल्याचा दाखला नसेल, अथवा टोंचल्यास दहा दिवस झालेले नसतील, तर त्यास आमच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवितात, मग तो कितीही प्रतिष्ठित असो. या व्यवस्थेचे आभार मानलेले आम्हीं कोठें वाचले नाहींत. जो रोग आलाच नाहीं त्याची बातमी कोण छापणार?

परंतु आम्हांस आज लिहावयाचें आहे तें कायद्यांविषयीं नव्हे. एक जुनी टोंचणी मनांत आहे, तिच्या निमित्तानें हा लेख.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. कोविडचा कहर ओसरला होता. तोंडावरच्या पट्ट्या लोकांनीं प्रथम खिशांत व मग कपाटांत ठेविल्या होत्या. आम्ही भाचीच्या लग्नासाठीं नागपुरास गेलों होतों. परतण्याच्या आदल्या रात्रीं घसा खवखवूं लागला, अंग मोडून आलें, आणि पहाटे ताप एकशें एकावर गेला. आम्हीं तापाच्या दोन गोळ्या घेतल्या, वर आल्याचा चहा घेतला, आणि घाम येऊन अंग निवालें तेव्हां विमानतळाची वाट धरली. तिकिटाचे पैसे परत मिळण्यासारखे नव्हते, दुसऱ्या दिवशीं पुण्यास काम होतें, आणि खरें सांगावयाचें तर, न जावें हा विचार आमच्या मनांत आलाच नाहीं. आमच्या डावीकडे तान्हें मूल मांडीवर घेऊन एक तरुण बाई बसली होती. उजवीकडे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवर कागदांची एक जाड फाइल होती. त्यांचें मूत्रपिंड बदललेलें होतें, आणि ते सहामाही तपासणीसाठीं निघाले होते. शरीरानें परकें मूत्रपिंड झिडकारूं नये म्हणून अशा रोग्याची प्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दाबून ठेवितात, हें त्यांनींच आम्हांस समजावून सांगितलें. आम्ही त्यांच्याकडे तोंड करून, अत्यंत आस्थेनें, तासभर तें ऐकत होतों. मधून मधून रुमालांत खोकत होतों. उतरतांना ते म्हणाले, “तब्येतीला जपा हं. थंडी बाधलेली दिसते तुम्हांला.”

घरीं आल्यावर पांच दिवस आम्ही अंथरुणावर होतों. डॉक्टरांनीं इन्फ्लुएंझा म्हणून सांगितलें. त्या गृहस्थांचें पुढें काय झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. नांव विचारलें नव्हतें.

आतां प्रश्न असा कीं, आम्हीं अपराध केला कीं नाहीं? कायद्याचा पंडित म्हणेल, नुकसान सिद्ध नाहीं, हेतु नाहीं, सबब अपराध नाहीं. आमच्या एका स्नेह्यानें याहून सोपी वाट दाखविली. ते म्हणाले, “त्यांना कांहीं झालं नसेल, कशाला उगाच मनाला लावून घेतां?” कांहीं झालें नसण्याचा संभव खरोखरच अधिक आहे. परंतु या युक्तिवादांत एक खोंच आहे. त्या गृहस्थांना कांहीं झालें नाहीं म्हणून आम्ही निर्दोष, आणि झालें असल्यास आम्ही दोषी, असें म्हणणें म्हणजे आमची नीति त्या दिवशींच्या हवेच्या झोतावर अवलंबून ठेवणें होय. आम्हीं केलें तें दोन्ही पक्षीं एकच केलें. कर्मविपाकाचा सिद्धांत मानणारे आमचे वाडवडील म्हणत कीं, ज्याचें कर्म त्यास फळ. येथें कर्म आमचें आणि फळ पडलें तर शेजारच्याच्या ओंजळींत. तेंही आमच्या पाठीमागें, आमच्या नजरेआड. अशा कर्माचा न्याय फळावरून करतां येत नाहीं, तो पेरणीवरूनच केला पाहिजे.

मिल्लसाहेबांनीं १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत व्यक्तीच्या स्वातंत्र्यास जी मर्यादा घातली, ती दुसऱ्याच्या अपायाची. गेल्या शतकांतील आमच्या सुधारकांनीं हें सूत्र डोक्यावर घेतलें, व तें योग्यच झालें. परंतु त्या सूत्रांतला अपाय हा दिसणारा अपाय आहे. आम्हीं त्या विमानांत केला तो अपाय नव्हे, अपायाचा संभव. आणि संभवाला कोण भितो? रस्त्यावर गाडी हांकणाराही संभव निर्माण करतोच. आम्हीं यावर पुष्कळ विचार केला, आणि आम्हांस भेद दिसतो तो असा. रस्त्यावरचा धोका सर्वांस माहीत आहे व सर्वांनीं जणूं पत्करलेला आहे. आमच्या खिशांतल्या गोळ्यांची पुडी मात्र आमच्याखेरीज कोणास माहीत नव्हती. आम्ही जुगार खेळलों, आणि पणाला लावलें तें त्या वृद्धाचें मूत्रपिंड. त्यास न विचारतां. “मला काल ताप होता, आपल्याशेजारीं बसलों तर चालेल ना?” एवढें एक वाक्य बोलावयास काय लागत होतें? तें बोलवलें नसतें, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. कारण उत्तर काय येईल तें ठाऊक होतें.

येथें विमानविद्येचे अभिमानी आम्हांस थांबवतील, आणि त्यांचें म्हणणें ऐकणें न्यायाचें आहे. विमानाच्या आंतली हवा कोंडलेली असते ही समजूत चुकीची आहे. ती तासांतून वीस ते तीस वेळां बदलते. तिचा सुमारें अर्धा भाग बाहेरून ताजा घेतलेला असतो. उरलेला अर्धा अशा गाळण्यांतून जातो कीं, त्या अत्यंत सूक्ष्म कण दहा हजारांत नऊ हजार नऊशें सत्याण्णव अडवितात. शिवाय हवा वरून खालीं वाहते, या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरत नाहीं. या मानानें पाहतां आमच्या मुंबईच्या लोकलचा सकाळचा डबा विमानाहून कितीतरी वाईट म्हटला पाहिजे. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु गाळणी तिच्यापर्यंत पोंचलेली हवा गाळते; आमचें तोंड आणि शेजाऱ्याचें नाक यांच्यामध्यें गाळणी नसते. आणि यंत्र बंद पडलें म्हणजे काय होतें तें १९७७ सालीं अलास्कांत दिसलें. एक विमान बिघाडामुळें कांहीं तास जमिनीवरच उभें राहिलें; हवा खेळविण्याचें यंत्र बंद होतें. आंत चोपन्न माणसें होतीं, त्यांपैकीं एकास इन्फ्लुएंझा. तीन दिवसांच्या आंत प्रवाशांपैकीं शेंकडा बहात्तर जण आजारी पडले. यंत्र चालू असलें म्हणजे निर्धास्त, असेंही नाहीं. १५ मार्च २००३ रोजीं हाँगकाँगहून पेकिंगास जाणाऱ्या विमानांत सार्स झालेला एक वृद्ध होता. तीन तासांच्या त्या प्रवासांत बावीस जणांस लागण झाली असें ठरलें, आणि त्यांतले कित्येक त्याच्यापासून बऱ्याच रांगा दूर बसलेले होते. मार्च २०२० च्या आरंभीं लंडनहून हनोईस गेलेल्या विमानांत खोकला असलेल्या एका बाईपासून पंधरा जणांस कोविड झाला. त्यांपैकीं बारा वरच्या वर्गांत तिच्याभोंवतीं बसलेले होते. अधिक दाम मोजून घेतलेली ऐसपैस जागा त्यांच्या कामीं आली नाहीं.

मग विमानतळाच्या दारावरच तपासणी कां करूं नये? केलीच होती. कपाळासमोर पिस्तुलासारखें यंत्र धरून ताप मोजणारे शिपाई आम्हीं सर्वांनीं पाहिले आहेत. सार्सच्या वेळीं कानडांत लाखों उतारू अशा उष्णतामापक यंत्रांपुढून नेले. त्यांत सार्सचा एकही रोगी सांपडला नाहीं. ज्याचा रोग अजून अंगांत झोंपला आहे तो यंत्रास सांपडत नाहीं. आणि ज्यास ताप आहे त्यास ही फसवणूक कशी करावी हें कोणत्याही औषधांच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मिळतें. आम्हीं नागपुरास तेंच केलें, फक्त तेव्हां दारांत यंत्र नव्हतें. सांगावयाचें तें हें कीं, या बाबतींत प्रवाशाच्या खऱ्या शब्दास पर्याय नाहीं. आणि खरा शब्द दरडावून मिळत नाहीं.

ही गोष्ट पुण्याइतकी दुसऱ्या कोणत्या शहरास ठाऊक असेल? १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे सोजीर पुण्याच्या घरांत शिरले. स्टेशनांवर उतारू तपासले जात, तिसऱ्या वर्गाचे विशेष कसोशीनें. परिणाम काय झाला? लोकांनीं रोगी माळ्यावर दडविले, पलंगाखालीं दडविले, मृताचीं प्रेतें चोरून नेलीं. रोग उघड करणें म्हणजे घर, सामान, अब्रू सगळेंच गमावणें, असा हिशेब झाला असतां कोण उघड करील? त्याच प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले वारल्या, ती तारीख १० मार्च १८९७. एकाच शहरांत, एकाच वर्षीं, रोग्याकडे जाण्याच्या दोन तऱ्हा अशा शेजारीं शेजारीं दिसल्या.

रोग्यास वेगळें ठेवावें, या विचाराची आम्हां हिंदूंस फार खोल संवय आहे, आणि येथें आम्हांस अधिक सावध राहिलें पाहिजे. सुतक दहा दिवसांचें असतें, मग स्नान करून मनुष्य पुन्हां पंक्तीस बसतो. तेथवर कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्याच विटाळाच्या कल्पनेंतून आम्हीं कोट्यवधि माणसांस ज्याला अकरावा दिवसच नाहीं असें सुतक लाविलें. क्वारंटीनाची कसोटी हीच कीं त्यास शेवटची तारीख असली पाहिजे, आणि त्या तारखेनंतर मनुष्याच्या अंगावर त्याची खूण राहतां कामा नये. मार्च २०२० मध्यें परदेशाहून आलेल्या उतारूंच्या डाव्या हातावर आमच्या राज्यांत शाईचे शिक्के मारण्यांत आले. शिक्क्यावर तारीख होती, एवढें बरें होतें. लोकांच्या मनांतल्या शिक्क्यावर मात्र तारीख नव्हती. १ फेब्रुवारीस वूहानहून तीनशें चोवीस भारतीयांस घेऊन विमान आलें तेव्हां वैमानिकांचें व परिचारिकांचें कौतुक झालें. दोन महिने झाले नाहींत तोंच विमानांत काम करणारांस त्यांच्याच शेजाऱ्यांनीं इमारतींत येऊं न देण्याचे प्रकार घडूं लागले. या महाराष्ट्रांत ९ मार्च रोजीं पहिले दोन रोगी सांपडले, ते दुबईहून सहलीवरून परतलेले पति-पत्नी. त्यांस मुंबईहून पुण्यास आणणाऱ्या टॅक्सीवाल्यासही रोग झाला. त्या टॅक्सीवाल्यानें विमान आंतून पाहिलें होतें कीं नाहीं कोण जाणे.

हा शेवटचा मुद्दा आम्हांस फार बोंचतो. विमानाचें सुख भोगणारा वर्ग एक, आणि त्या सुखाची किंमत देणारा दुसरा. २५ मार्चपासून टाळेबंदी झाली तेव्हां आम्ही घरांत पुस्तकें वाचीत बसलों होतों, आणि ज्यांनीं जन्मांत पारपत्र पाहिलें नाहीं असे मजूर डोक्यावर गांठोडीं घेऊन शेंकडों मैल चालत होते. मग सहप्रवासी कोणास म्हणावें? शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यास, कीं विमानतळापासून चाळीस कोसांवरच्या त्या मनुष्यास, ज्याच्या दाराशीं आमचा प्रवास शेवटीं जाऊन थांबतो?

राष्ट्रांच्या वर्तणुकीकडे पाहूं लागलें म्हणजे आम्हांस आमच्या देशावरचा मरीआईचा गाडा आठवतो. गांवांत पटकी आली म्हणजे देवीची पूजा करून, लिंबें, हिरवें पातळ, कोंबडें वाहून, तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. शिवेपलीकडे दुसरें गांव असे. तें गांव गाडा पुढें ढकली. आम्ही शहाणे लोक या खेडवळांस हंसतों. १९९४ च्या ऑगस्टांत आमच्या बीड जिल्ह्यांत गांठीचा प्लेग दिसला, आणि सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाचा. सुरतेचे असंख्य लोक रेल्वेंत व मोटारींत बसून पळाले, आणि अनेक देशांनीं आमच्याकडचीं विमानें बंद केलीं. सरतेशेवटीं मृतांचा आंकडा ५६ भरला. व्यापाराची व देशाच्या नांवाची हानि मात्र अपरंपार झाली. याहून शोचनीय गोष्ट २०२१ सालची. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनीं कोविडच्या विषाणूचें एक नवें रूप ओळखलें, आणि २४ नोव्हेंबर रोजीं तें जागतिक आरोग्य संघटनेस प्रामाणिकपणें कळविलें. दोन दिवसांत यूरोप-अमेरिकेनें त्या देशाशीं विमानव्यवहार तोडला. पुढें जुने नमुने तपासतां असें आढळलें कीं, हॉलंडांत तें रूप त्यापूर्वींच येऊन राहिलें होतें. गाडा शिवेच्या आंतच होता. ज्यानें तो प्रथम पाहिला त्याच्या तोंडावर मात्र वेशीचा दरवाजा लावला. पुढच्या वेळीं जो देश असें कांहीं पाहील, तो बोलण्यापूर्वीं आठ दिवस विचार करणार नाहीं काय? २००७ पासून अंमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-नियमांत प्रवाशाची प्रतिष्ठा राखावी व गरजेपेक्षां अधिक निर्बंध घालूं नयेत असें लिहिलेलें आहे. तें कागदावर शोभून दिसतें.

व्यक्तीचेंही तेंच. त्याच २००७ सालीं क्षयाच्या औषधांस न जुमानणारा क्षय झालेला एक अमेरिकन तरुण स्वतःच्या लग्नासाठीं यूरोपास गेला. तेथें त्यास विमानांत पाऊल टाकूं नको असें त्याच्या सरकारी अधिकाऱ्यांनीं कळविलें. तरी तो प्राग शहराहून विमानानें कानडांत उतरला व मोटारीनें आपल्या देशांत शिरला. सगळें जग त्याच्यावर तुटून पडलें. त्यानें चूक केली यांत शंका नाहीं. पण त्याचें म्हणणें असें कीं, उपचार मायदेशीं, आणि मला तेथें नेण्याची सोय कोणी करीना. मग परक्या मुलखांत मरावें काय? हें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं खोटें वाटत नाहीं. “तूं थांब” असें आम्ही ज्यास सांगतों, त्याच्या थांबण्याचा खर्च आम्हीं उचलला पाहिजे. त्याची मजुरी, त्याचें तिकीट, त्याचें जेवण, त्याच्या घरच्यांचा समाचार. तो आमच्यासाठीं थांबतो आहे, म्हणून तें त्याचें आमच्यावरचें ऋण आहे, दया नव्हे.

गेल्या हिंवाळ्यांत पुन्हां तोच प्रसंग आला. भाचीच्या मुलाचें बारसें नागपुरास होतें, तिकीट काढलेलें होतें, आणि निघण्याच्या दिवशीं सकाळीं ताप. गोळ्यांची पुडी कपाटांत तीच, तेथेंच. या वेळीं आम्हीं तिकीट रद्द केलें. विमानकंपनीस सविस्तर पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, प्रवाशास ताप असणें हें पैसे परत करण्याच्या कारणांच्या यादींत नाहीं. एवढ्यानें आम्ही खट्टू झालों नाहीं. पण संध्याकाळीं बहिणीचा फोन आला. तिनें आमची सगळी हकीकत ऐकून घेतली, बाळाचें नांव सांगितलें, आणि मग म्हणाली, “दादा, ताप काय, माणसाला येतच असतो. लग्नाच्या वेळी नाही का, तापातच गेलास ना परत? तेव्हा काय झालं होतं?”

तेव्हां काय झालें होतें तें आम्हांस अजून ठाऊक नाहीं. तें तिला फोनवर सांगतां आलें नाहीं; खोकला येत होता.